भवानीच्या आधीचा उजेड

आश्विन लागला की आमच्या रत्नागिरीत दोन गोष्टी बरोबरच येतात. दुपारी चारच्या सुमारास गडगडत येणारा परतीचा पाऊस, आणि शनिवारी सकाळी गळ्यात कॅमेरे अडकवून हिंडणारी माणसं. पावसाचं मला काही वाटत नाही. तो निदान तासाभरात निघून जातो.

गेल्या शनिवारी मांडवीच्या बाजूला फिरायला निघालो होतो. कोपऱ्यावर सात-आठ जणांचं टोळकं रस्त्यात आडवं. पुण्याचे की मुंबईचे ते विचारलं नाही, बुटांवरून पुण्याचे वाटले. दोघांकडे तर चक्क रोलचे कॅमेरे. आता म्हणे पुन्हा रोलची फॅशन आल्ये. एक मुलगी गुडघे टेकून कोपऱ्यावरच्या मासेवालीवर नेम धरून बसली होती. मला म्हणाली, "अंकल, जरा साइडला होता का? फ्रेममध्ये येताय."

मी म्हटलं, "चाळीस वर्षं मी ह्या रस्त्याने चालतोय. मी तुझ्या फ्रेममध्ये आलेलो नाही, तुझी फ्रेम माझ्या वाटेत आल्ये."

ती हसली. मी तिला कोकणातला खास नमुना वाटलो असणार. तिने माझाही एक काढला, न विचारता. मासेवालीने तोवर पदर तोंडावर ओढून घेतला होता.

घरी पोचेपर्यंत मी पुटपुटत होतो. बायको म्हणाली, "एवढं काय आभाळ कोसळलं? फोटोच काढला ना?" मी चप्पल काढता काढता थांबलो. हेच वाक्य तीस वर्षांपूर्वी, ह्याच दिवसांत, मी स्वतः तावातावाने म्हटलं होतं. फोटोच काढला ना!

मला फोटोवाल्यांचा राग येतो हे गावात सगळ्यांना माहीत आहे. आरे-वाऱ्याच्या वळणावर गाड्या आडव्या लावून समुद्राकडे पाठ करून उभे राहतात, त्यांचा येतो. ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात नवरीला लांबलचक झगा घालून वाळूतून फरफटवतात, आणि वर ड्रोन घुंई घुंई करत असतो, त्यांचा येतो. दोन दिवसांत तीन हजार फोटो काढतात, आणि परत जाताना हायवेवर हातखंब्याला चहा पिता पिता अडीच हजार पुसून टाकतात. पुसायचेच होते तर काढलेत कशाला, मेल्यांनो? पण खरं सांगायचं तर मी त्यांच्यातलाच आहे. उलट त्यांच्यापेक्षा वाईट आहे. त्यांनी पुसले तरी. मी पुसला नाही आणि दिलाही नाही.

मी इथल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. तिशी नुकतीच ओलांडली होती आणि एक कॅमेरा पदरी पडला होता. छत्तीस फोटोंचा काळा-पांढरा रोल मी महिनाभर पुरवायचो. घरच्याच न्हाणीत, खिडकीला घोंगडी लावून, रोल धुवायचो. फोटो काढण्याआधी माणूस दहादा बघायचा, मग एकदा बटण दाबायचा. आता उलट झालंय. दहादा दाबतात आणि घरी गेल्यावर एकदा बघतात, बघितलं तर.

त्या वर्षी मला खूळ लागलं ते उजेडाचं. पावसाने धुतलेली हवा, कातळी सड्यावरचं गवत पिवळं पडू लागलेलं, जांभ्याच्या भिंतींवर अजून शेवाळ ओलं. आमच्याकडे सूर्य डोंगरामागून उशिरा वर येतो. मच्छीबाजाराच्या बाहेर दोन घरांच्या मधल्या बोळातून सातच्या सुमाराला एक तिरपी पट्टी यायची आणि तिथे ओळीने बसलेल्या बायकांपैकी नेमक्या एकीवर पडायची. डावा गाल, नाकातली नथनी, पाटीतल्या बांगडा माशांच्या पाठी, सगळं उजळायचं. वीस-पंचवीस मिनिटं फार तर. मग ऊन पत्र्यावर चढायचं आणि तीच बाई छत्रीखालच्या काळोखात जायची.

ती बाई म्हणजे द्वारकाबाई. सगळे दारकाबाय म्हणत. नवरा समुद्रात नव्हे, तापाने गेलेला. एक मुलगी, सुनंदा, आमच्याच शाळेत नववीत. दारकाबायचा आवाज असा की बाजाराच्या ह्या टोकाला बोलली की त्या टोकाची मांजरं उठायची.

तिचा एकच नियम होता. भवानी झाल्याशिवाय फोटो नाही. भवानी म्हणजे दिवसातला माशांचा पहिला वाटा विकला जाणं. त्याच्या आधी कोणी नुसतं बघून गेलं, भाव विचारून पाठ फिरवली, तरी ती पाटीवरून पाणी शिंपडायची आणि त्याच्या सात पिढ्या काढायची. फोटो म्हणजे तर नुसतं बघण्याच्याही पलीकडचं. घेऊन जायचं, आणि विकत घ्यायचं काहीच नाही.

"आठानंतर ये," ती मला म्हणाली. "भवानी होऊ दे. मग काय तो काढ."

"आठाला उजेड जातो."

"मग एक वाटा घे बांगड्याचा. तूच कर भवानी. मग हवे तेवढे काढ."

"आमच्याकडे मासळी शिजत नाही."

"ता ठावं हाय मला," ती म्हणाली. "खायचं नाय, घ्यायचं नाय, नुसतं बघायचं. मोठा इलो फोटोवाला! सर बाजूला, गिऱ्हाईक येतंय माजं."

बायका फिदीफिदी हसल्या. मी एक वाटा घेऊन कोणालाही देऊ शकलो असतो. शेजारच्याला दिला असता, बोक्याला घातला असता. पण माझाही एक नियम होता. पैसे देऊन चेहरा काढायचा नाही. कुठल्या तरी मासिकात वाचलेला नियम. तिचा नियम तिच्या आज्जीपासूनचा. पण दारकाबायच्या नियमाला मी अंधश्रद्धा म्हणत होतो आणि माझ्या नियमाला कला.

पंधरा दिवस रोज सकाळी जायचो. तिने मला बघितलं की छत्री उघडून ढालीसारखी धरायची. ऊन नाही, पाऊस नाही, तरी छत्री. मला बघून एक म्हातारी म्हणायची, "आला गो तुजा जावई." मी दात-ओठ खात परत यायचो आणि वर्गात पोरांवर राग काढायचो. इतकं कुणाचं वाईट चिंतलेलं मला आठवत नाही. असली कजाग बाई, आणि नेमका हिच्यावरच उजेड पडतो!

मग मी चोरी केली. दुसरा शब्द नाही त्याला. एका मित्राकडून लांबची लेन्स मागून आणली आणि समोरच्या बंद दुकानाच्या पायऱ्यांवर, खांबाआड, सात वाजता जाऊन बसलो. पट्टी आली. दारकाबाय पाटीतले बांगडे ओळीने लावत होती, मान जरा कललेली, ओठ हलत होते. बहुधा देवाचं नाव घेत असेल, कोणीतरी पहिलं येऊ दे म्हणून. मी बटण दाबलं. त्या कॅमेऱ्याचा आवाज म्हणजे दाराची कडी पडल्यासारखा. तिने वर बघितलं. मी रोल पुढच्या फोटोवर सरकवेपर्यंत ती उभी राहिली होती. एक हात वर, तोंड उघडं, कपाळावरची शीर तट्ट फुगलेली, आणि ती उजेडाची पट्टी सरळ डोळ्यांत. मी तोही काढला. पुढच्या क्षणाला मासळी धुतलेल्या पाण्याची अख्खी बादली माझ्या अंगावर आली.

"मेल्या! भटा! माजी भवानी नाय झाली आणि तू माजं तोंड घेऊन चाललास?"

"ओरडू नका," मी नखशिखांत भिजून ओरडलो. "फोटोच काढला ना!"

त्या दिवशी तिची पाटी खपली नाही. कारण साधं होतं. सकाळी दहालाच आभाळ फाटलं आणि गिऱ्हाईक फिरकलं नाही. बाजारातल्या कोणाचीच पाटी खपली नाही. पण हे तिला सांगायची सोय नव्हती. चार दिवसांनी मधल्या सुट्टीत ती शाळेच्या फाटकात उभी. कमरेला पदर खोचलेला. दीडशे पोरं भोवती.

"तुमच्या चित्राच्या मास्तराने माजा चेहरा चोरलान हाय. परत द्यायला सांगा."

पोरं खिदळली. सुनंदा नववीच्या खिडकीत होती. ती खाली बसली, दिसेनाशी झाली. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून सांगितलं, "मास्तर, देऊन टाका बघू काय असेल ते. शाळेची शोभा नको."

द्यायचं काय? मी घरी निगेटिव्ह काढून खिडकीशी धरली. आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो होता तो. आजही आहे. चिडलेला माणूस इतका खरा मी कधी बघितला नव्हता. ही पट्टी त्या बाईच्या हातात देऊन नष्ट करायची? माझे हात वळेनात.

तेव्हा मी ते केलं जे सांगायला मला तीस वर्षं लागली. दुसऱ्या एका रोलमधली, बंदरातल्या होड्यांची पट्टी कापून खिशात घातली आणि शनिवारी सकाळी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. सगळा बाजार गोळा झाला. दारकाबायने पट्टी दोन बोटांत धरून उन्हाकडे केली. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, ज्याला सवय नाही त्याला काय कळणार? ती डोळे बारीक करून बघत राहिली.

"ह्यात मी खय?"

मी बोट ठेवलं. एका होडीच्या काठीवर. "ही काय."

"एवढीशी?"

"निगेटिव्ह आहे ती. लहानच दिसतं."

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या डोळ्याला डोळा दिला, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मग तिने पाटावर पट्टी ठेवली आणि मासे कापायच्या कोयतीने तिचे तुकडे तुकडे केले. खच्, खच्, खच्. बायकांनी "भले गो बाय!" म्हणून आरोळी ठोकली. दारकाबायच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी आधी पाहिलं नव्हतं. ती जिंकली होती. तुकडे तिने पाण्यात सोडले आणि मला म्हणाली, "जा आता. तुजं माजं काय नाय."

पण माझं होतं. घरी आलो आणि खरी निगेटिव्ह पत्र्याच्या डब्यात बंद केली. शरम वगैरे काही वाटली नाही. उलट गंमत वाटली. कशी फसवली!

तो फोटो मी एका स्पर्धेला पाठवला, लांबच्या शहरात, इथे कोणाला कळू नये म्हणून. नंबर आला नाही. बक्षीस सोडा, साधा उत्तेजनार्थही नाही. ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप केला तो फोटो परीक्षकांनी कुठल्या ढिगात टाकला देव जाणे. मग हळूहळू माझा नादही विझला. संसार, बदल्या टाळण्याच्या खटपटी, मुलांची शिक्षणं. मोबाइल आले, सगळेच फोटोग्राफर झाले, आणि मी नुसता तिरसट झालो. दारकाबायसमोरून जायची वेळ आली की मी पलीकडच्या कडेने जायचो. ती छत्री उघडायची. वर्षानुवर्षं.

तिला जाऊन आता तेरा वर्षं झाली. हेच दिवस होते. दुपारचं आभाळ भरलेलं, घामाने जीव नकोसा झालेला, आणि दारात सुनंदा. हातखंब्याला दिलेली, नवऱ्याची हायवेला चहा-वड्याची टपरी, पोरगा शाळेत जायला लागलेला. मी तिला बैठकीच्या खोलीत बसवलं.

"मास्तर, आय गेली परवा."

मी "अरेरे" म्हटलं.

"तिचा एकपण फोटो नाय हो. माझ्या लग्नात विधवा म्हणून चुलीकडेच बसली, पुढे आली नाय. मोबाइल वर केला की तोंड फिरवायची. म्हणायची, एकदा चोरून नेलान होता, सोडवून आणला, आता परत नाय द्यायची. बाराव्याला समोर ठेवायला काहीच नाय. मतदानाच्या कार्डावरचा मोठा करून बघितला, नुसता डाग येतो." तिने पदराने कपाळाचा घाम पुसला. "तुम्ही तेव्हा बाजारात रोलच्या रोल काढायचात. कुठे मागे, कोपऱ्यात, गर्दीत तरी आली असेल. बघाल जरा?"

ती ज्या खुर्चीवर बसली होती त्याच्या मागच्याच कपाटात तो डबा होता. मी हात लांब केला असता तर लागला असता. मला नुसतं म्हणायचं होतं, आहे. पण आहे म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग तिने कापलं ते काय होतं? बाजाराने भले गो बाय म्हणून आरोळी ठोकली ती कशावर? मरेपर्यंत ती जी एक लढाई जिंकल्याचं सांगत राहिली, ती दारकाबाय जिंकलीच नव्हती, हे तिच्या मुलीला तिच्या सुतकात मी सांगायचं.

"बघतो," मी म्हटलं. दोन दिवसांनी निरोप पाठवला, नाही सापडला.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात हलकट काम कुठलं असं विचारलंत तर होड्यांची पट्टी नाही, हे. ती पट्टी रगेलपणा होता, जवानीची मस्ती होती. हे भ्याडपण होतं, आणि थंड डोक्याने केलेलं. नंतर कोणी ओळखीचं मयत झालं, भिंतीवर फोटो बघितला, की माझं जेवणावरचं मन उडायचं. आणि त्याचा राग मी काढत राहिलो तो आरे-वाऱ्याला उभ्या राहणाऱ्या पोरापोरींवर.

तर गेल्या शनिवारी ती रोलवाली पोरगी माझा फोटो काढून गेली, आणि घरी येऊन मी डबा उघडला. कोकणातली दमट हवा काय करते ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. चपलांना बुरशी येते, पुस्तकांना येते, माणसांनाही येत असेल. निगेटिव्हवर कडेने पांढरी जाळी धरली होती. वर उचललेला हात जवळजवळ गेला होता. जाळी आता कपाळाला टेकली होती. चेहरा अजून शाबूत होता. आणखी एक पावसाळा, फार तर दोन. मग जगात दारकाबाय कुठेच नसती, आणि त्याला जबाबदार एक मीच.

निगेटिव्ह पुसली, मुलाच्या डिजिटल कॅमेऱ्याने तिचा फोटो काढला, संगणकावर उलटवला, आणि सोमवारी मोठी प्रत करून घेतली. दुकानातला म्हणाला, "काय खतरनाक बाई आहे, सर!" मी त्याला गप्प बस म्हटलं.

हातखंब्याला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. हायवेच्या कामाची लाल धूळ, ट्रकचे भोंगे, टपरीवर वड्याचा घाणा. सुनंदाने मला लगेच ओळखलं. हात पदराला पुसले. मी पाकीट पुढे केलं. तिने फोटो बाहेर काढला आणि इतका वेळ बघत राहिली की कढईतले वडे करपायला लागले, ते नवऱ्याने काढले.

"माझ्याहून लहान हाय," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. उभ्यानेच, काही न गाळता.

"म्हणजे आयने कापली ती होडी?"

"हो."

"सगळ्या बाजारासमोर?"

"हो."

"आणि मी बाराव्याच्या आधी आलेली, तेव्हा हा होता तुमच्याकडे?"

"होता. तुझ्या पाठीमागच्या कपाटात."

"मग का नाय दिलात?"

"लाज वाटली."

"आणि आज?"

मी बुरशीचं काहीतरी बोललो. पुढच्या पावसात राहिला नसता, म्हणून. माझ्या कानालाही ते खोटं लागलं, जरी खरं होतं तरी. सुनंदा आवाज न चढवता म्हणाली, "तेरा वर्षं मी एका डागाला हार घालत्ये, मास्तर." तिने ओरडायला हवं होतं. आईसारखी बादली ओतली असती तर मी आभार मानले असते.

ती फोटो घेऊन मागच्या घरात गेली. बसा म्हणाली नाही. पाणी विचारलं नाही. आमच्या बाजूला वैऱ्यालाही पाणी विचारतात. नवरा माझ्याकडे न बघता वडे तळत राहिला.

दार उघडंच होतं. आतून तिच्या सुनेचा आवाज आला. गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली पोर, तिने आजेसासू कधी पाहिलेलीच नाही.

"ह्या कोण ओ, आई? केवढ्या भडकल्यात!"

"माजी आय."

"मग भिंतीवरच्या त्या कोण?"

सुनंदा काय म्हणते ते ऐकायला मी उन्हात थांबलो.